धर्म सुटला, ओढ सुटली नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय छत्तीस, बाणेरला घर, आयटीत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. पूजाअर्चेवरचं मन कॉलेजातच उडालं. पण स्वतःला नास्तिक म्हणवत नाही, कारण पहाटे वेताळ टेकडीवर, किंवा आजोबा जाताना त्यांचा हात हातात होता तेव्हा, आपल्याहून मोठं काहीतरी आहे असं अगदी ठामपणे वाटून गेलं. त्याला कुठल्याही देवाचं नाव द्यावंसं वाटत नाही. हे मनाचे खेळ आहेत का? कुठल्याच धर्मात न राहता अध्यात्म करता येतं का? आणि घरात सासूबाईंशी, मुलीशी कसं वागायचं?

करता येतं. पण नुसतं ‘हो’ म्हणून तुम्हाला परत पाठवलं तर वर्षभरात तुम्ही आहात तिथेच असाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पुण्यात वीसेक वर्षं समुपदेशन करते आणि त्याच्या आधीपासून रोज ध्यानाला बसते. तुमच्यासारखी माणसं दोन्हीकडे भेटतात. देव आहे की नाही या प्रश्नावरून माझ्यासमोर आजवर कुणी रडलेलं नाही. वडील गेल्यावर दहाव्याला काय करायचं, घरात सगळे आरतीला उभे असताना आपण कुठे उभं राहायचं, रात्री तीनला जाग येते तेव्हा कुणाला हाक मारायची, यावरून रडतात.

मनाचे खेळ आहेत का, हे आधी मिटवून टाकू. टेकडीवर जे वाटलं ते वाटलं. तो अनुभव खराच. त्यावरून विश्व कसं चालतं याचा निष्कर्ष काढायची घाई करू नका, आणि तो अनुभव मेंदूतल्या रसायनांवर ढकलून मोकळं व्हायचीही गरज नाही. नाव न देता राहता येतं. बाकी माणसं तुमच्याकडून नावाची अपेक्षा करतील, ते त्यांना करू द्या.

तुम्ही इंटरनेटवर जे वाचता ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 22 टक्के प्रौढांनी आपण आध्यात्मिक आहोत पण धार्मिक नाही, असं सांगितलं. त्यांचं धर्म सोडणं म्हणजे चर्चमधून नाव काढणं, रविवारी न जाणं. आपल्याकडे नाव काढायला रजिस्टरच नाही. धर्म स्वयंपाकघरात आहे, कालनिर्णयात आहे, आडनावात आहे. त्यामुळे इथे माणूस पंधरा वर्षं धर्म न पाळता राहतो आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. मग घरात लग्न निघतं किंवा कुणीतरी जातं, आणि एका दिवसात सगळं उघडं पडतं. त्यांचे उपाय जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत ते यामुळे.

सुदैवाने तुम्ही ज्या शहरात राहता तिथे हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. प्रार्थना समाज 1867 साली मुंबईत निघाला, पुढे पुण्यात आला. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्णपंत भांडारकर अशी माणसं त्यात होती. मूर्तिपूजा नाही, एक ईश्वर, एकत्र बसून प्रार्थना. विचार स्वच्छ होता. पण घरचे विधी आणि जात सोडलीच पाहिजे अशी सभासदांवर अट नव्हती, आणि समाज शिकल्यासवरल्या थोड्या घरांपुरता राहिला. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांनी वेगळं केलं. जगाच्या कर्त्याला त्यांनी ‘निर्मिक’ म्हटलं आणि तेवढ्यावर न थांबता त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यायचं, मंगलाष्टकांत काय म्हणायचं, हे स्वतः लिहिलं. त्यांच्या निधनानंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म’ या पुस्तकात जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रसंगी काय करावं, याचा विचार आहे. म्हणजे भटजी नको म्हणणाऱ्या माणसाला हे नेमकं ठाऊक होतं की भटजी गेल्यावर मांडवात जी जागा रिकामी होते, ती कुणीतरी भरावी लागते.

माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे. धर्म माणसाला श्रद्धा देतो हे खरं, पण त्याबरोबर तो तीन फार व्यवहारी गोष्टी देतो: रोज काय करायचं, कुणाबरोबर करायचं, आणि आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगी हातपाय गळालेले असताना कसं वागायचं. श्रद्धा सोडणाऱ्याच्या हातून या तिन्ही गोष्टी नकळत निसटतात. मग अध्यात्म म्हणजे मन प्रसन्न असलं की टेकडी आणि नसलं की नेटफ्लिक्स, असं होऊन बसतं.

हे मी हवेतलं बोलत नाही. इंग्लंडमध्ये 7,403 लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास 2013 साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये आला. त्यातली साधारण 19 टक्के माणसं आध्यात्मिक पण कुठल्याही धर्मचौकटीबाहेरची होती. यातलं काहीच न मानणाऱ्यांच्या तुलनेत या मधल्या गटात चिंतेचे विकार, व्यसनं, मानसिक आजारांवरची औषधं यांचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून अध्यात्माने माणूस आजारी पडतो असं म्हणता येत नाही. कदाचित आधीच अस्वस्थ असलेली माणसंच शोधत निघत असतील. शिवाय इंग्लंड म्हणजे पुणे नव्हे. पण माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. कुठेच न बसणारी माणसं मला ठीक दिसतात, एका जागी बसलेलीही ठीक दिसतात. सहा ठिकाणी एक पाय ठेवून उभी असलेली थकतात.

म्हणून पहिलं काम रोजचं. एकच साधना घ्या आणि लहान घ्या. सकाळी वीस मिनिटं, त्याच जागी, त्याच वेळी, श्वासाकडे लक्ष. टेकडीवर चालणं हीच तुमची साधना असेल तर तेही चालेल, पण मग कानात इअरफोन नको आणि पाऊस आहे म्हणून सुट्टी नको. पहिले दोन-तीन महिने काही घडणार नाही. दही लावलेलं पातेलं दर दहा मिनिटांनी हलवून पाहिलं तर दही लागत नाही, तसं आहे हे. आज किती शांत वाटलं याची नोंद ठेवणारी ॲप्स मी लोकांना काढून टाकायला लावते.

पुण्यात या क्षेत्रात बाजार मोठा आहे. एका शनिवारी साउंड बाथ, पुढच्या शनिवारी टॅरो, मग चक्रशुद्धी, मग ‘इनर चाइल्ड’. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने या सगळ्यावर वर्षभरात दुचाकी आली असती एवढे पैसे घातले होते आणि तिला रात्रीची झोप नव्हती. यातलं काहीच वाईट नसेलही, पण ही खरेदी आहे, साधना नाही.

शिस्तीने शिकायचं असेल तर सोयी इथे भरपूर आहेत. लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 पासूनचं आहे, मॉडेल कॉलनीतली अय्यंगारांची योगसंस्था 1975 पासूनची. विपश्यनेसाठी, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहत बसण्याच्या ध्यानासाठी, इगतपुरीला जावंच लागतं असं नाही. स्वारगेटला दादावाडीजवळ एक केंद्र आहे, आळंदीजवळ मरकळला दुसरं. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठायचं, बोलायचं नाही, पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. नवीन साधकाला संध्याकाळी पाचला चहा-फळं, त्यानंतर काही नाही. फी नाही, दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. तिथे कुठल्याही पंथात सामील व्हायला सांगत नाहीत, पण सुरुवातीला त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि शील (आचरणाचे नियम) घ्यायचं असतं आणि संध्याकाळची प्रवचनं बुद्धाच्या शिकवणीवर असतात, हे जाण्याआधी माहीत असावं. मला त्यात अडचण वाटली नाही, काहींना वाटते. पण पहिली पायरी म्हणून थेट दहा दिवस नकोत. आणि ज्याला पूर्वी बायपोलर, सायकोसिस किंवा तीव्र नैराश्य झालंय त्याने आपल्या मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय अजिबात जाऊ नये. अर्जात आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही. तिथे खोटं लिहून, गोळ्या बंद करून गेलेली आणि नंतर कुटुंबाने माझ्याकडे आणलेली माणसं मी पाहिली आहेत. दीर्घ मौनात मन नेहमी शांतच होतं हा गैरसमज आहे.

आता थोडं गुरूंविषयी. संघटित धर्म नको म्हणून माणूस ज्यांच्याकडे जातो तिथेही बहुतेक वेळा संघटनाच असते. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी 1929 साली हॉलंडमध्ये, इतरांनी त्यांच्यासाठी उभी केलेली संस्था भर सभेत विसर्जित केली, सत्याकडे जाणारा ठरलेला मार्ग नसतो म्हणाले. असं करणारे विरळा. कोरेगाव पार्कात 1974 पासून रजनीशांचा (ओशोंचा) जो आश्रम वसला तिथे सगळ्या धर्मांची खिल्ली उडवली जायची, पण भगवे-लाल कपडे आणि गळ्यात गुरूचा फोटो असलेली माळही होती. संघटना असणं हा गुन्हा नाही, माणसं एकत्र आली की ती होतेच. मी एवढंच बघायला सांगते: पैशाचा हिशेब उघडा आहे का, शंका विचारलेली चालते का, सोडून जाताना कुणी शाप-कोप काढतं का, आणि डॉक्टर किंवा घरची माणसं तोडायला सांगतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी निघा. बुवा इंग्रजी बोलतो, लिनन घालतो, म्हणून तो बुवा नसतो असं नाही. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो येण्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला याच शहरात खून झाला. आपलं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाशी आहे, असं ते सतत सांगत. तुमच्यासारख्या मधल्या माणसाला त्यांची ही भूमिका फार उपयोगी पडेल.

सोबतीचं काम साधनेपेक्षा अवघड, आणि तिथे बहुतेक जण कच्चे राहतात. एकटीने ध्यान करता येतं, पण तुम्ही आजारी पडल्यावर डबा कोण आणणार? देवळातल्या भजनी मंडळात तो आपोआप येतो. चार-पाच माणसं शोधा. पंधरा दिवसांतून एकदा कुणाच्या तरी घरी अर्धा तास गप्प बसायचं, मग चहा. चर्चा कमी ठेवा. पुण्यात चर्चा सुरू झाली की बसणं संपतं.

आणि वारीला लाजू नका. आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, पुण्यात दोन रात्री. तिथून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवे घाटातून सासवडपर्यंत चाला. विठ्ठल मानता का, असं दिंडीत कुणी विचारत नाही. फक्त तुम्ही तिथे पाहुण्या आहात हे लक्षात असू द्या. घाटातल्या फोटोंसाठी जाणारे आधीच पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट, प्रसंग. लग्न सोपं. 1954 चा विशेष विवाह कायदा आहे: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या. दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर वारसाहक्काचा कायदाही बदलत नाही. तुमचं लग्न झालेलं आहे, पण पुढे कुणी भाचा-भाची विचारायला येईल तेव्हा कामाला येईल.

फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्याचं पुष्कळ जण विचारतात. सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, ‘धर्म नाही’ असं लिहिता येतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 ला दिलेला आहे. पण रकाना रिकामा ठेवल्याने कायद्याच्या नजरेत फार काही बदलत नाही. वारसा, दत्तक यांना हिंदू म्हणून जन्मलेल्याला हिंदू कायदाच लागतो. अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र असलेल्याने मात्र वकिलाला विचारल्याशिवाय असं काही लिहू नये, कारण तो दर्जा कायद्याने हिंदू, शीख आणि बौद्ध या धर्मांशी जोडलेला आहे.

हे लिहिताना एक बोलून टाकते. ‘मी धर्मबिर्म मानत नाही’ हे वाक्य ज्यांना आडनावामुळे कधी घर नाकारलं गेलं नाही त्यांच्या तोंडी फार सहज येतं. धर्म सोडल्याने जात सुटत नाही. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धर्म स्वीकारला, तो मान ताठ करून जगण्यासाठी. धर्म म्हणजे कुबड्या, असं त्यांच्या नातवंडांसमोर म्हणण्याआधी दोनदा विचार करावा.

मरणाचं काम आत्ताच करून ठेवा, धडधाकट असताना. तुम्हाला देहदान करायचं असेल तर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात फॉर्म भरता येतो, पण शेवटी मृतदेह देतात ते घरचे. ते तयार नसतील तर फॉर्म कपाटातच राहतो. शवविच्छेदनाची वेळ आली तर देह घेत नाहीत. नेत्रदान करायचं असेल तर डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. दहन हवं असेल तर वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी आहे, मंत्रांची सक्ती कुणी करत नाही. पण तिथे पंधरा मिनिटं जमलेली माणसं नुसती उभी राहतात, काय करायचं कुणालाच कळत नाही, आणि मग कुणीतरी गर्दीतला काका पुढे होऊन सूत्रं हातात घेतो. म्हणून लिहून ठेवा: कोण दोन शब्द बोलेल, कुठला अभंग किंवा कुठलं गाणं लागेल, राख कुठे जाईल. दरवर्षी त्या तारखेला जवळची माणसं जेवायला बोलवा आणि गेलेल्या माणसाबद्दल बोला, भांडणांसकट.

सासूबाईंचं मात्र त्यांच्या मनाप्रमाणे. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते (ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत). आई आयुष्यभर एकादशी करणारी. ती गेल्यावर यांनी तत्त्व म्हणून काहीच केलं नाही. नातेवाईक तुटले त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आईला हे आवडलं नसतं, एवढं एक वाक्य त्यांना झोपू देत नव्हतं. तुमचा अविश्वास तुमच्या देहाला लागू आहे, दुसऱ्याच्या नाही. सासूबाईंना एकदा निवांत विचारून घ्या. बऱ्याच बायका आपणहून सांगतात, “माझ्यामागे काही करू नका गं, अनाथाश्रमात जेवण द्या.”

रोजच्या घरात भांडणाची जागा निवडून भांडायचं. सत्यनारायण आहे ना? पूजेला बसणार नाही हे नवऱ्याकरवी आधीच, एकदाच, शांतपणे कळवा; ऐन सकाळी नको. मग पाहुण्यांचं करा, शिरा भाजा, तीर्थप्रसाद हातात आला तर घ्या. तत्त्वांना त्याने तडा जात नाही. मात्र हळदीकुंकवाला समोरच्या विधवा काकूंना वगळलं, किंवा पाळीच्या दिवसांत मुलीला बाजूला बसवायची गोष्ट निघाली, तर तिथे जोर लावा. एरवी गप्प राहिलेल्या सुनेचा तेव्हाचा आवाज ऐकला जातो.

मुलीला आजीबरोबर आरती म्हणू द्या. तिने विचारलं की खरं सांगा: आजीला असं वाटतं, मला तसं वाटत नाही, बाबांचं त्यांना विचार. मुलांना घरातली दोन मतं पचतात. आईने डोळे मिटून खोटं खोटं हात जोडलेले त्यांना पचत नाहीत, लगेच कळतात. हरकत एकाच गोष्टीला घ्या, ‘असं केलंस तर देव शिक्षा करेल’ या वाक्याला. ते आजीने म्हटलं तरी चालवून घेऊ नका. कथा सगळ्या सांगा, नाहीतर ती मराठी कविता वाचू लागेल तेव्हा निम्मे संदर्भ तिला लागणार नाहीत. टेकडीवर न्या, पाच मिनिटं गप्प बसायचा खेळ खेळा, पण तुमचा टेकडीवरचा अनुभव तिला यायलाच हवा असा हट्ट नको. आणि मोठी होऊन ती आजीपेक्षा कडक उपास करायला लागली तर करू द्या. हिमोग्लोबिन तेवढं तपासून घ्या.